स्कायरिमच्या मॉडमध्ये मराठी संवाद: आवाज कुठून आणायचे, कसे बसवायचे?

सह्यवारा
नमस्कार मंडळी. स्कायरिम स्पेशल एडिशन या व्हिडिओ गेमसाठी एक मॉड (खेळात चाहत्यांनी घातलेली भर) करतोय, त्याबद्दल जाणकारांशी बोलायचं आहे.

खेळातल्या डॉनस्टार गावाच्या किनाऱ्यावर एक छोटी वस्ती उभी केली आहे. वादळात गलबत फुटून तिथे लागलेले खलाशी आणि त्यांच्या घरची माणसं तिथे राहतात. मुख्य पात्रं पाच. त्यातली गोदा ही गलबतावरची तांडेल, पुढे फॉलोअर म्हणून आपल्याबरोबर येते. ही सगळी माणसं मराठी बोलतात, खलाशी मंडळी मालवणी. वस्ती, क्वेस्ट (खेळाडूला मिळणाऱ्या कामगिऱ्या), संवाद सगळं तयार आहे. आवाज तेवढे नाहीत. सध्या फझ रो डो हा दुसरा मॉड लावून चालवतो, त्यामुळे सबटायटल वाचण्यापुरतं टिकतं. नाहीतर बिनआवाजाची ओळ डोळ्यांसमोरून क्षणात निघून जाते.

संवाद चारशेच्या आसपास आहेत. प्रश्न तीन. घरच्या घरी, स्टुडिओ न घेता, खेळात शोभेल असं रेकॉर्डिंग होतं का? फाइल आणि ओठांची हालचाल नेमकी कशी बसवायची? आणि तिसरा, ज्यावरून आमच्या ग्रुपमध्ये वाद झाला: एआयचे आवाज वापरावेत का? माझं मत सांगून टाकतो, गोदाला माणसाचाच आवाज हवा. पण उलट बाजूही ऐकायची आहे.

मध्यरात्र
वा! मराठीत फॉलोअर! डाउनलोड करणाऱ्यांत माझं नाव आधी लिहा.

ध्वनिवेडी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: होतं, नक्की होतं. मी पुण्यात ऑडिओबुकचं रेकॉर्डिंग करते, त्या अनुभवावरून सांगते.

माइक महाग हवा हा गैरसमज आहे. खोली शांत आणि मऊ हवी. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा. पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका. उघड्या भिंतींवरून आवाज परततो तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट काढता येत नाही. पार्श्वभूमीची एकसारखी घरघर काही प्रमाणात काढता येते, खोलीचा घुमारा नाही. आणि खेळात हा घुमारा मुळीच नको, कारण स्कायरिम स्वतःच जागेप्रमाणे आवाजाला घुमारा देतं. गुहेत शिरलं की गुहेचा, घरात घराचा. तुमच्या खोलीचा घुमारा आधीच फाइलमध्ये असेल तर गोदा बर्फाच्या मैदानात उभी राहून दिवाणखान्यातून बोलतेय असं वाटेल.

तोंड माइकपासून एक वीत लांब, आणि माइक समोर न धरता किंचित बाजूला. मराठीत याची विशेष गरज आहे. भ, फ, ध, ख यांना हवेचा झोत जोरात बाहेर येतो आणि माइकवर धप् असा आवाज उमटतो. "भरती", "फळी", "धक्का", "खलाशी"... तुमच्या संवादांत हेच शब्द भरलेले असणार! पॉप फिल्टर लावाच.

पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. आरडाओरड्याच्या ओळी वेगळ्या पातळीवर घ्या, आणि त्या सगळ्यात शेवटी. आधी ओरडून घेतलं की घसा बसतो आणि पुढचे हळुवार संवाद खरखरीत येतात. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला अर्धा मिनिट कोणीही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा, नंतर घरघर काढायला तोच नमुना लागतो.

पेठेतला
ध्वनिवेडी यांना अनुमोदन. एकच भर: मे महिन्यात पंखा बंद करून कपाटात तोंड घालून मालवणीत शिव्या देणाऱ्या माणसाबद्दल शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे पोलीस यायचे बाकी होते. :)

ध्वनिवेडी
@पेठेतला, हाहा! पण खरंय, वेळ निवडावी लागते. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी रस्त्यावरचे हॉर्न, गणपतीच्या दिवसांत तर विचारूच नका. रात्री अकरानंतर बरं. फ्रिजचीही घरघर येते, तो तेवढा वेळ बंद करायचा आणि आठवणीने चालू करायचा.

फाइलबहाद्दर
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. हे सविस्तर लिहितो, कारण याची माहिती दहा ठिकाणी विखुरलेली आहे.

क्रिएशन किट या मॉड बनवायच्या साधनात प्रत्येक ओळीला स्वतःचा फॉर्म आयडी (ओळख क्रमांक) असतो आणि आवाजाच्या फाइलचं नाव त्यावरूनच बनतं: क्वेस्टचं नाव, टॉपिकचं नाव, आठ अंकी आयडी आणि शेवटी त्या उत्तरातला ओळीचा क्रमांक. नाव हाताने बनवत बसू नका. क्वेस्टच्या खिडकीतून संवाद एक्स्पोर्ट करता येतात, टॅबने विभागलेली मजकूर फाइल मिळते, ती स्प्रेडशीटमध्ये उघडा. प्रत्येक ओळीसमोर तिचं फाइलनाव असतं. तीच शीट कलाकाराची संहिता म्हणून वापरा. फक्त ओळी आयडीप्रमाणे न लावता प्रसंगाप्रमाणे लावा, नाहीतर बिचारा कलाकार एका ओळीत रडेल आणि पुढच्या ओळीत मासे विकेल.

फाइल ठेवायची जागा: डेटा, त्यात साउंड, त्यात व्हॉइस, त्यात तुमच्या प्लगइनचं, म्हणजे मॉडच्या मुख्य फाइलचं, पूर्ण नाव (.ईएसपी सकट) आणि त्यात व्हॉइस टाइपच्या (पात्राला दिलेल्या आवाजाच्या प्रकाराच्या) नावाचा फोल्डर. प्लगइनचं नाव बदललंत तर फोल्डरचंही बदलावं लागतं. त्याहून मोठा धोका म्हणजे ईएसएल, प्लगइनचा हलका प्रकार. मॉड हलका करायला लोक शेवटी फॉर्म आयडी कॉम्पॅक्ट करतात. आयडी बदलले की फाइलनावं जुळत नाहीत आणि सगळी वस्ती मुकी होते. ईएसएल करायचं असेल तर रेकॉर्डिंगची फाइलनावं ठरवण्याआधी करा.

मूळ फाइल: वेव्ह, मोनो, १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ. स्टिरिओ देऊ नका, बोलणारा कुठल्या बाजूला आहे ते खेळ ठरवतो. त्यातून एक्सडब्ल्यूएम ही आकाराने लहान आवाजाची फाइल बनते, ओठांची लिप फाइल बनते, आणि दोन्ही मिळून एक फझ फाइल. याकितोरी ऑडिओ कन्व्हर्टरने हे घाऊक होतं.

अजून एक. किटमध्ये एका उत्तराच्या मजकुराला १५० अक्षरांची मर्यादा आहे. लांब संवाद तोडून लिहावे लागतात. तोडताना श्वास कुठे घेतला जाईल ते बघा, अक्षरं मोजून तोडू नका.

अबोली_गोवा
वाचतेय. फारच कामाचा धागा. निवडक दहात (आवडत्या धाग्यांच्या यादीत) टाकला.

नॉर्वेकर
ओठांबद्दल मी सांगतो. ऑस्लोत राहतो, इथल्या एका मित्राबरोबर नॉर्वेजियन संवादांचा छोटा मॉड केला होता, अडचण तीच.

लिप फाइल बनवायला किटला फोनिक्सडेटा.सीडीएफ नावाची फाइल लागते, ती व्हॉइस फोल्डरमधल्या प्रोसेसिंग फोल्डरात असायला हवी. ती नसेल तर लिप बनतच नाही. किट आवाज आणि मजकूर दोन्ही पाहून ओठ ठरवतं, आणि मजकूर इंग्रजी आहे असं धरून चालतं. देवनागरी टाकली तर किटमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. म्हणून लिप बनवण्यापुरता मजकूर रोमन लिपीत, इंग्रज माणूस वाचेल तर साधारण मराठीसारखा ऐकू येईल असा लिहायचा. त्यात शुद्धलेखन बघू नका, उच्चार बघा. लिप बनली की मजकुराच्या जागी खरा सबटायटल टाका. ओठ मिटण्याचे आवाज, म्हणजे प, ब, म, जागेवर पडले की डोळ्याला बाकीचं पटतं.

किटमध्ये प्रत्येक ओळीला भावना आणि तिची तीव्रता द्यायची सोय आहे, राग, दुःख, आनंद वगैरे. लोक ती विसरतात. आवाज रडतोय आणि चेहरा दगडासारखा, असं झालं की सगळी मेहनत वाया.

सह्यवारा
@नॉर्वेकर, हा रोमनचा उपाय माहीतच नव्हता, आजच करून बघतो. @फाइलबहाद्दर, ईएसएलचं वेळेत सांगितलंत. अजून नावं ठरवलेली नाहीत.

सबटायटल देवनागरीत दाखवता येईल का? खूप इच्छा आहे.

नॉर्वेकर
देवनागरी फॉन्ट घालता येतो, पण अक्षरं जोडली जात नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर पडते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात. वाचणाऱ्याला त्रासच. मी म्हणेन सबटायटल इंग्रजीत ठेवा. कान मराठीत, डोळे इंग्रजीत. ब्राझीलच्या, पोलंडच्या खेळाडूलाही गोदा कळू दे की!

अबोली_गोवा
हे आवडलं. मराठी न येणारे लोक मराठी ऐकतील, ही कल्पनाच सुंदर आहे.

कोडकरी
आता मी उलट बाजू मांडतो, सह्यवारांनी मागितली आहे म्हणून. चारशे ओळी, पाच पात्रं, बजेट शून्य. कलाकार मिळाले तरी दुरुस्त्या येणार. क्वेस्ट बदलली की तीच माणसं, तोच माइक, तीच खोली पुन्हा जमवावी लागणार. तोपर्यंत मॉड कपाटात. एआयच्या आवाजाने काम एका आठवड्यात उरकतं. एक्सव्हीएसिंथसारखी, खेळातल्या पात्रांच्या आवाजात नवी वाक्यं वदवणारी साधनं मॉडवाल्यांनीच बनवलेली आहेत आणि त्यामुळे कितीतरी मुके मॉड बोलायला लागले. हौशी माणसाला हे साधन नाकारणं मला पटत नाही.

श्रुतिका_पुणे
मी व्यवसायाने आवाजाचं काम करते, त्यामुळे मला हा प्रश्न माझ्या घरातला वाटतो. कोडकरी, तुमची अडचण खरी आहे. पण कुठल्या आवाजाबद्दल बोलतोय ते पाहू.

खेळातल्या कलाकाराच्या ओळी गोळा करून त्यावर यंत्र शिकवायचं आणि त्याच्या गळ्यातून त्याने कधीही न म्हटलेली वाक्यं वदवायची, हे त्या माणसाला न विचारता होतं. २०२३ मध्ये अनेक कलाकारांनी उघडपणे सांगितलं की आमच्या आवाजात अश्लील मॉड बनवले गेलेत, थांबवा. आपला आवाज नको ते बोलताना ऐकणं काय असेल, कल्पना करा. अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा संघटनेच्या व्हिडिओ गेम कलाकारांनी २६ जुलै २०२४ पासून संप केला, जवळजवळ वर्षभर. एआयपासून संरक्षण हाच त्यातला मुख्य मुद्दा होता. पोटाचा प्रश्न तर आहेच, पण माझ्या आवाजावर हक्क माझा, हे त्याच्याही आधीचं.

आणि कलेच्या बाजूने सांगते. तयार मराठी यंत्रआवाजांना बातमी वाचता येते. वादळात नवरा गमावलेली तांडेल "नांगर उचला रे, वारो फिरलो" म्हणते तेव्हा त्यात दम हवा, थकवा हवा, हुकूमही हवा. ते मला अजून कुठल्या यंत्रातून ऐकू आलेलं नाही.

मध्यरात्र
श्रुतिका, +१००.

कोडकरी
कलाकाराचा आवाज न विचारता घेऊ नये हे मान्य. तिथे वाद नाही. माझा मुद्दा एवढाच की मसुदा तपासायला यंत्राचा आवाज तात्पुरता लावावा. ओळ किती सेकंदांची होते, प्रसंग लांबतोय का, हे कळतं. शेवटी माणसाचा आवाज बसवावा.

श्रुतिका_पुणे
तात्पुरता लावायला हरकत नाही, कोणाचा चोरलेला नसेल तर. पण त्यासाठी लेखकाने स्वतःच मोबाइलवर ओळी वाचाव्यात असं सुचवेन. न म्हणवणारं वाक्य जिभेला लगेच कळतं. मग संहिताच सुधारते.

दर्यावर्दी_मालवण
सह्यवारा, मालवणी कोण बोलणार आहे? पुण्यामुंबईच्या कलाकाराने शेवटी "ओ" लावून बोललेली मालवणी नको. इथे दशावतार करणारी माणसं आहेत. दशावतारात संवाद आयत्या वेळी रचले जातात, राजापासून राक्षसापर्यंत आवाज उभा करायची सवय त्यांना लहानपणापासून असते. खेळ काय असतो ते त्यांना पाच मिनिटांत समजेल. प्रसंग सांगा, कागद बाजूला ठेवा आणि बोलू द्या. मग तुमच्या ओळीत काय बदललं ते ऐका. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असेल.

फाइलबहाद्दर
कल्पना छान, फक्त त्यांनी बदललेली ओळ सबटायटलमध्येही बदला. लिप पुन्हा बनवा.

पेठेतला
मग खेळातल्या व्हाइटरन शहराच्या पहारेकऱ्यांना वऱ्हाडी द्या! गुडघ्यात बाण लागलेला पहारेकरी वऱ्हाडीत ऐकायला काय मजा येईल.

ठेचाभाकर
@पेठेतला, मजेत म्हणालात ते समजलं, पण मनातलं बोलतो. मी अकोल्याचा. नाटकात, सिनेमात वऱ्हाडी माणूस आला की तो नोकर नाहीतर विदूषक. दरवेळी. आमच्या भाषेत माणसं प्रेम करतात, कर्ज फेडतात, मेलेल्यांना रडतात. मॉडमध्ये वऱ्हाडी आणा, मी स्वतः बोलायला येतो. पण पात्र शहाणं द्या. मूळ खेळातसुद्धा नॉर्ड लोकांना त्यांचा हेल दिलाय, तो हसण्यासाठी नाही, ती माणसं त्या बर्फातली वाटावीत म्हणून दिलाय.

पेठेतला
ठेचाभाकर, पटलं. व्हाइटरनचा सरदार यार्ल बाल्ग्रूफच वऱ्हाडी करू या. सिंहासनावरून.

ठेचाभाकर
आता कसं! तयार आहे.

सह्यवारा
ठेचाभाकर, वस्तीत एक म्हातारे वैद्य आहेत. आतल्या मुलखातून बंदरावर आलेले, सगळ्यात कमी बोलणारे, आणि सगळे ज्यांचं ऐकतात असे. त्यांची भाषा मी प्रमाण मराठीत लिहिली होती. ती वऱ्हाडीत तुम्ही लिहून द्याल का, आणि बोलाल का? मनापासून विचारतोय.

ठेचाभाकर
देतो. संहिता पाठवा.

कॉलेजकट्टा
वाचून राहवलं नाही म्हणून खातं उघडलं. मी आत्ता कॉलेजात आहे, आमचा पुरुषोत्तम करंडकाचा ग्रुप आहे. स्पर्धा झाली की वर्षभर आम्ही मोकळेच. आवाज हवे असतील तर आम्ही करू. शंका एकच: रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय आहे, माइकसमोर ते जास्त होतं का?

श्रुतिका_पुणे
कॉलेजकट्टा, स्वागत! हो, होतं. आकाशवाणीच्या श्रुतिका (रेडिओवरची नाटकं) मिळवून ऐका. शेजारी बसलेल्या एकाच माणसाशी बोलायचं, प्रेक्षागृहाशी नाही. शक्य असेल तर दोघांच्या प्रसंगात दोघांना एकत्र बसवा, एकाने वाचावं आणि दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावं. फाइल वेगळ्या घेतल्या तरी चालेल. एकटा माणूस कागदावरून उत्तरं वाचतो तेव्हा समोर कोणी नाही हे ऐकू येतं. प्रत्येक ओळ तीनदा घ्या, तिन्ही वेळा वेगळ्या मनाने.

तिसरीघंटा
खचून जाऊ नका म्हणून दोन उदाहरणं. इनिगो हा फॉलोअर मॉड बघा. सात हजारांहून जास्त ओळी, आवाज मॉड बनवणाऱ्यानेच दिलेला. स्कायरिमसाठी सगळ्यात लाडक्या फॉलोअरपैकी तो एक आहे, आणि त्याचं श्रेय त्या एका गळ्याला आहे. दुसरं, द फरगॉटन सिटी. मॉड म्हणून सुरू झाला, २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये स्वतंत्र खेळ म्हणून बाहेर आला. मॉडमधल्या लिखाणाला आणि आवाजाला लोक गांभीर्याने घेतात.

फाइलबहाद्दर
फॉलोअरवरून आठवलं, गोदासाठी महत्त्वाचं. तिला नवा व्हॉइस टाइप देणार असाल तर खेळातले "माझ्यामागे ये", "इथेच थांब", "सामान दे" हे तयार संवाद तिला आपोआप मिळत नाहीत. तो व्हॉइस टाइप व्हॉइसेसफॉलोअरऑल या यादीत घालावा लागतो, आणि तरीही त्या ओळींचे आवाज तुम्हालाच रेकॉर्ड करावे लागतात. लढाईचे आवाजही: वार करतानाचा हुंकार, मार लागल्याचा, मरतानाचा. हे ओळींच्या हिशेबात धरा. लोक क्वेस्टचे संवाद मोजतात आणि हे राहतं. हुंकार एकच एक वापरला तर तासाभरात नकोसा होतो, पाच-सहा वेगवेगळे घ्या.

ध्वनिवेडी
आणि सगळं झालं की मूळ खेळातल्या काही ओळी व्हॉइसेसच्या बीएसए (सगळे आवाज एकत्र बांधलेल्या) फाइलमधून काढून तुमच्या ओळींशेजारी लावून ऐका. गोदा मूळ खेळातल्या लिडियापेक्षा मोठ्याने बोलत असेल तर लगेच कळेल. प्रत्येक ओळ वेगवेगळी नॉर्मलाइज करू नका, कुजबुज आणि आरोळी एकाच उंचीची होते. एका पात्राच्या सगळ्या ओळींना एकच माप द्या.

अबोली_गोवा
कलाकारांशी लेखी बोलणं करून घ्यायचं का? हौशी मॉडला ते जरा जास्त वाटतं, म्हणून विचारते.

श्रुतिका_पुणे
अबोली, जरूर करावं. साधा ईमेल पुरतो. आवाज कुठल्या मॉडसाठी, दुसऱ्या मॉडवाल्यांनी त्या फाइल वापरल्या तर चालेल का, श्रेयनामावलीत कुठलं नाव द्यायचं, आणि या आवाजावर यंत्र शिकवायचं नाही, हे स्पष्ट लिहा. मॉडच्या पानावर परवानग्यांमध्येही तेच टाका. मैत्रीत काम करताना हे आधी ठरलेलं असलं की मैत्री टिकते.

सह्यवारा
सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं ते असं: वैद्य ठेचाभाकर. कॉलेजकट्टा मंडळींना वस्तीतली दोन तरुण पात्रं. दर्यावर्दी यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, बुजुर्ग नाखव्यासाठी आणि गोदासाठी मालवणी गळे हवे आहेत. कोडकरी यांनी सुचवलं तसं आधी सगळ्या ओळींचा कच्चा आवाज लावणार, मोबाइलवर माझाच.

एक अडचण मात्र आहे. परवा वैद्यांची नवी क्वेस्ट जोडली, चाचणीसाठी एका ओळीला आवाजही लावला, पण खेळात ते संवाद येतच नाहीत. सेव्ह करून परत उघडलं की येतात. फाइलचं नाव तर बरोबर आहे.

फाइलबहाद्दर
आवाजाचा संबंध नाही. क्वेस्ट खेळाच्या सुरुवातीपासून चालू ठेवली आहे ना? मग प्लगइनसोबत एसईक्यू फाइल (अशा क्वेस्टची यादी) लागते. एक्सएडिट या मॉडवाल्यांच्या साधनात प्लगइन उघडून ती बनवा, डेटामधल्या सेक फोल्डरात टाका आणि ज्या सेव्हमध्ये हा मॉड कधीच नव्हता त्यात तपासा. पुढे सुरुवातीपासून चालणारी आणखी क्वेस्ट जोडलीत तर ती फाइल पुन्हा बनवावी लागेल.

दर्यावर्दी_मालवण
सह्यवारा, व्यनि पाहिला. गोदासाठी एक बाई आहेत, नवऱ्याबरोबर स्वतः होडीवर जातात आणि भजनात गातात. विचारलं, तयार आहेत. पण रेकॉर्डिंग पावसाळ्यात ठेवा, होड्या किनाऱ्याला असतात तेव्हा. एरवी पहाटेपासून त्यांना वेळ नसतो. आणि पावसाचा आवाज पत्र्यावर फार येतो, तेव्हा ध्वनिवेडी यांनी जागा कुठली घ्यायची ते सांगावं.

ध्वनिवेडी
पत्र्याखाली नको. स्लॅबची किंवा जुनी मातीची खोली बघा, खिडक्या कमी असलेली, आणि सरी थांबलेल्या असताना घ्या. जागांचे फोटो पाठवा, मी निवडून देते.